धाव ते टायर : ओझं कुणाचं?

हवेचा टायर कोणी शोधला, असं विचारलं तर बहुतेक जण डनलॉपचं नाव घेतील. बेलफास्टमधल्या या पशुवैद्याने १८८८ मध्ये पेटंट घेतलं, हे खरं. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने तो टायर बनवला होता. पण त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. पुढे ते उजेडात आलं आणि डनलॉपचं मूळ पेटंट रद्द ठरलं.

थॉमसनच्या वेळी मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्याचा टायर होता घोडागाडीसाठी. आत रबर लावलेल्या कापडाची, हवा भरलेली नळी आणि वर कातड्याचं आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याची चाचणी झाली. त्यातला एक संच बाराशे मैल चालला म्हणतात. म्हणजे मंडळी, हवेचा टायर पहिल्यांदा बनला तो दुसऱ्याने ओढायच्या वाहनासाठी, आणि ‘टिकतो किती?’ हा प्रश्नही तेव्हापासूनचाच.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर गावचे सुतार-लोहार देत असत. तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि परिघावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव गार होताना आकसते आणि सगळं चाक घट्ट आवळून धरते. टिकाऊपणात तिला तोड नव्हती. पण ती अरुंद, त्यामुळे सगळं वजन बोटभर पट्टीवर येई आणि ती रस्ता कापत जाई. ‘चाकोरी’ म्हणजे मुळात चाकाने पाडलेला हा खोल माग. रबरी टायर मात्र जमिनीवर जरा पसरतो, दगडावरून उडी न मारता त्याला पोटात घेतो. त्याच बैलांना तेच ओझं मग हलकं लागतं.

१९३६ मध्ये बंगालात साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला. उत्तरेत रबरी चाकांच्या गाडीला अनेक ठिकाणी ‘डनलप’च म्हणतात. आपण म्हणालो ‘टायरगाडी’. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० नंतर असे कारखाने वाढत गेले, आणि ऊस वाहायला टायरगाडी आली.

इथे इतिहास जरा वेगळं वळण घेतो. लाकडी चाकांची गाडी ऊसतोड कामगाराची स्वतःची असे. टायरगाडी बहुधा कारखान्याची, भाड्याने घेतलेली. बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’ असे भेदच पडले. बैल कामगाराचे, चाकं दुसऱ्याची! आणि ओढायला सोपं झालं म्हणून बैलाला आराम मिळाला का? छे. ओझं वाढलं. १९६५ च्या जनावरांवरील क्रूरता प्रतिबंधाच्या नियमांतही टायरचा हिशेब आहे : दोनचाकी गाडीत मध्यम बैलामागे साध्या चाकावर ७०० किलो, हवेच्या टायरवर १०५०. टायरने वाचवलेली ताकद कायद्यानेच पुन्हा ओझ्यात मोजली. प्रत्यक्षात गाडी त्याहूनही जास्त भरलेली दिसते.

पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, मागे दोन-दोन ट्रॉल्या आल्या. ट्रॉलीचं चाक स्वतः जोर लावत नाही, नुसतं मागे फिरतं. म्हणून त्याला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी खोल नक्षी लागत नाही. सरळ धारांचा, जाड बाजूंचा टायर बरा. त्यावर ९.००-१६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी ९ इंच आणि रिमचा व्यास १६ इंच. सोबत ‘१६ प्लाय’ असतं. पूर्वी ते सुती धाग्यांचे खरे थर होते. नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढीच ताकद येऊ लागली, आता तो आकडा फक्त ताकदीचा दर्जा सांगतो. दर्जा कितीही असो, हवा कमी आणि ओझं जास्त झालं की टायरच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात आणि एक दिवस टायर फुटतो. मालाचे दोनशे रुपये वाचवायला घातलेला जुना, घासलेला टायर असा रात्रीच्या रस्त्यावर दगा देतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात उभी ट्रॉली दिसत नाही.

धावेपासून टायरपर्यंत पावणेदोनशे वर्षांत माणसाने चाक पुष्कळ सुधारलं. पण प्रत्येक वेळी चाक जेवढं वाचवी, तेवढं आपण वर लादत गेलो. तेव्हा टिकाऊ टायर जरूर निवडावा, पण त्याच्या बाजूवर छापलेल्या वजनाचा आकडाही वाचावा. बैलाला तो वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.