दोन रॉबर्ट आणि एक शॉक पंप

पहिली फुल सस्पेन्शन माउंटन बाईक घरी आली की एक वेगळाच पंप हातात येतो. टायरच्या पंपापेक्षा लहान, लवचीक नळीचा, आणि काटा थेट ३०० पीएसआयपर्यंत जाणारा. हा शॉक पंप. पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या शॉकमध्ये याने हवा भरायची. किती? तर तुमच्या वजनाप्रमाणे. म्हणजे एवढे पैसे मोजून घेतलेली सायकल कारखान्यातून निघते तेव्हा अर्धवटच असते. आपल्यावर कोण बसणार आहे, हे तिला अजून ठाऊक नसतं.

बरेच जण ही पायरी सोडून देतात. दुकानदाराने भरली तेवढी हवा, आणि लाल-निळ्या नॉबना हात लावायचा नाही. मला नॉब दिसला की फिरवावासा वाटतो (कोड लिहून पोट भरणाऱ्यांचा हा जुना रोग), पण तो तिथे आला कसा हे शोधायचीही खोड आहे. शोधता शोधता मी पार १६६५ सालापर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी १ मे रोजी लंडनजवळ कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थाच्या घरी रॉयल सोसायटीची काही मंडळी जेवायला जमली. काम होतं घोडागाडीतले हादरे कमी करण्याच्या प्रयोगांचं. सॅम्युएल पेपिस हा प्रसिद्ध रोजनिशीकार सोबत होता, म्हणून हे आपल्याला कळतं. बऱ्याच गाड्या करून पाहिल्या, त्यांतली एक सगळ्यांना फार आवडली. तिचा अख्खा सांगाडा एकाच लांब स्प्रिंगवर टेकलेला होता. पाळीपाळीने सगळे तिच्यात बसून आले. त्या मंडळींत रॉबर्ट हूक होता.

शाळेत स्प्रिंगला वजनं टांगून ज्याचा नियम आपण ‘सिद्ध’ केला, तोच हा हूक. स्प्रिंग जितकी ताणाल किंवा दाबाल तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. हा नियम त्याने १६७६ मध्ये छापला, पण कोणाला कळू नये अशा रीतीने. लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरं वर्णानुक्रमे लावून टाकली आणि गप्प बसला. उत्तर दिलं १६७८ मध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी नुसता हॅश अपलोड केला: शोध माझा आहे याची नोंद झाली, आणि शोध काय ते मात्र गुपित राहिलं.

दुसरा रॉबर्ट म्हणजे बॉइल. हूक तरुणपणी ऑक्सफर्डला या बॉइलचा मदतनीस होता, आणि बॉइलचा गाजलेला हवेचा पंप बांधला तो हूकनेच. १६६२ मध्ये बॉइलने मांडलं की कोंडलेल्या हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो.

माउंटन बाईकवर आजही स्प्रिंगचे हे दोनच प्रकार मिळतात. पोलादी कॉइल हूकच्या नियमाने चालते: पहिल्या सेंटिमीटरला जेवढा जोर लागला, तेवढाच वाढीव जोर शेवटच्या सेंटिमीटरलाही. हवेची स्प्रिंग बॉइलची: सुरुवातीला मऊ, आणि शेवटाकडे जाता जाता एकदम कडक. शॉकमध्ये प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे घालतात ना, व्हॉल्यूम स्पेसर? त्यांनी हवेची जागा कमी होते आणि शेवटचा कडकपणा आणखी लवकर येतो. बाकी काही जादू नाही त्यात.

घोडागाडीला स्प्रिंग मिळाली, पुढे मोटारीला मिळाली. सायकलला मात्र फार उशिरा. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हादऱ्यांचा प्रश्न बऱ्यापैकी मिटल्यासारखा झाला. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीला सस्पेन्शन म्हणण्याजोगं काही असेल, तर ते सीटखालच्या दोन स्प्रिंगा. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टनने पुढे-मागे सस्पेन्शन असलेली छोट्या चाकांची सायकल काढली. हा माणूस मूळचा रबरातला. ‘मिनी’ मोटारीचं रबरी सस्पेन्शन त्याचंच. सायकल चांगली खपली, पण बाकीच्या सायकलींनी तिचा कित्ता गिरवला नाही.

कारण साधं आहे. मोटारीचं इंजिन उड्या मारत नाही. सायकलचं मारतं. पायाच्या प्रत्येक दाबाबरोबर शरीर हलतं आणि खाली स्प्रिंग असेल तर थोडा जोर तिला दाबण्यात जातो. चढावर दमलेल्या माणसाला ही गळती परवडत नाही.

म्हणून गरज निर्माण व्हायला उतार लागला. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार, कच्चा रस्ता, आणि खाली येणाऱ्या सायकली म्हणजे जाड टायरची जुनी अवजड धुडं. पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. नावच त्यावरून पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी इथलीच. सस्पेन्शन? टायर आणि स्वतःचे गुडघे.

दहा-बारा वर्षांनी मोटोक्रॉसमधून आलेल्या पॉल टर्नरने मोटरसायकलच्या धर्तीवर सायकलचा फोर्क बनवला. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी उभी राहिली. तिचा आरएस-१ फोर्क ५० मिलिमीटरही दबत नव्हता. तरी १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्डने हाच फोर्क लावून पुरुषांची डाउनहिल जिंकली. त्यानंतर थट्टा करणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

आरएस-१ मध्ये हवा होती. पण नव्वदच्या दशकात बऱ्याच फोर्कमध्ये इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारख्या गोळ्यांची चळत असायची. स्वस्त, हलकं, गळायची भीती नाही. थंडीत मात्र गोळ्या कडक व्हायच्या. आणि खरी अडचण वेगळीच होती: वजनाप्रमाणे गोळ्या बदलायच्या, किंवा कॉइल असेल तर अख्खी स्प्रिंग बदलायची. बदलायला मिळायचे मोजके प्रकार. कंपनीने डोळ्यांसमोर ठेवलेला गिऱ्हाईक ७०-८० किलोचा असेल, तर ५० किलोच्या मुलीला तो फोर्क जवळजवळ दबतच नव्हता. किंमत तिने पूर्ण मोजायची आणि हादरे तरीही खायचे. शॉक पंपाची कटकट वाटते तेव्हा मला हे आठवतं. हवेची स्प्रिंग परत आली तेव्हाच सायकल ५० किलोच्या माणसाची आणि ९५ किलोच्या माणसाचीही झाली, त्याच किमतीत.

हवेलाही एक वाईट सवय आहे. सील घट्ट आणि आत दाब, त्यामुळे सुरुवातीचे काही मिलिमीटर ती हटवादी असते. उपाय म्हणून उलट बाजूने रेटणारा दुसरा हवेचा कप्पा आला. रॉकशॉक्सच्या सिड फोर्कमध्ये तो वेगळा भरावा लागायचा. आता बहुतेक ठिकाणी आतल्या छोट्या खाचेतून दोन्ही कप्पे आपोआप समान होतात. मात्र त्यासाठी हवा भरल्यावर फोर्क हळूहळू दहा-बारा वेळा दाबावा लागतो. मग दाब उतरलेला दिसतो, आणि पुन्हा भरायचा.

मागचं चाक अधिक गुंतागुंतीचं. होर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटरसायकल स्पर्धकाने कॅलिफोर्नियात बसून मागच्या चाकाजवळ एक जादा सांधा दिला, जेणेकरून ब्रेक आणि पॅडलचा जोर सस्पेन्शनमध्ये कमी ढवळाढवळ करेल. त्याचं पेटंट पुढे स्पेशलाइज्डने घेतलं, आणि मुदत संपेपर्यंत बाकीच्या अनेकांना वळसा घालून जावं लागलं. जोडण्या कशाही असोत, तत्त्व तरफेचंच: चाक १३० मिलिमीटर हलतं तेव्हा शॉक ५० दबतो. गुणोत्तर २.६. तुमच्या ७० किलोंपैकी ४२ मागे पडले, तर शॉकवर सुमारे १०९ किलोंचा भार. म्हणून फोर्कला ७०-८० पीएसआय पुरतात, तिथे मागे दीडशेच्या वर जावं लागतं. आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

आता सॅग. मोटोक्रॉसवाल्यांकडून आलेला हा शब्द. नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती खचतं, ते माप. न खचणारं सस्पेन्शन दगडावर चढेल, पण खळग्यात उतरणार नाही. चाकाला खाली जायलाच जागा नाही. निम्मा डोंगर खळग्यांचा असतो. हेल्मेट, पाठीवरची बॅग, भरलेली बाटली, सगळं अंगावर घ्या. भिंतीला कोपर टेकून बसा, रबरी ओ-रिंग सीलपर्यंत सरकवा, न उसळता खाली उतरा. १२० मिलिमीटरच्या फोर्कवर रिंग २४ वर, म्हणजे २० टक्के. ५० मिलिमीटरच्या शॉकवर १५, म्हणजे ३० टक्के. सुरुवातीला एवढं धरून चालायचं. पंप लावला की नळीतही हवा शिरते, म्हणून काटा मघापेक्षा कमी दाखवतो. काढताना फुस्स होतं ते मुख्यतः नळीतलं.

आणि मग तो लाल नॉब. पेपिसच्या गाडीत नसलेली वस्तू. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जशीच्या तशी परत फेकते, ती संपवत नाही. संपवायला डॅम्पर लागतो: बारीक छिद्रातून तेल ढकलायचं, ते तापतं, उसळी मरते. रिबाउंडचा लाल नॉब त्या तेलाची वाट अरुंद-रुंद करतो. फार मोकळा ठेवला तर चाक लाथ मारल्यासारखं परत येतं. फार आवळला तर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो, तिसरा येतो, आणि सस्पेन्शन खाली खाली बसत जातं. फूटपाथवरून बसल्याबसल्या खाली या: एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर एक-दोन क्लिक आवळा. हवा वाढवली तर रिबाउंडही थोडा आवळावा लागतो, कारण परत फेकणारा जोर वाढलेला असतो.

निळा नॉब, कॉम्प्रेशनचा, सगळ्यात शेवटी. पहिले दोन-चार दिवस तो पूर्ण उघडाच ठेवा. एका फेरीत एकच गोष्ट बदला, आणि फेरी त्याच पायवाटेवर मारा. पीएसआय, सॅग आणि पूर्ण आवळलेल्या स्थितीपासून मोजलेले क्लिक फोनमध्ये टिपून ठेवा. पावसाळ्यानंतर शॉक सर्व्हिसिंगहून परत येईल तेव्हा सगळे नॉब कुठल्यातरी भलत्याच जागी असतील.