कानातले बिनतारी यंत्र आणि हवेचा परवाना

मुंबईत नभोवाणीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. त्या काळचा स्वस्तातला संच म्हणजे स्फटिकाचा. त्याला वीज लागत नसे, पण आवाज इतका क्षीण येई की कानांवर हेडफोन चढविल्यावाचून काही ऐकू येत नसे. म्हणजे नभोवाणी प्रथम माणसाच्या कानात बोलली. दिवाणखान्यात ती मागाहून आली. आज वाशीच्या खाडीपुलावरून जाणाऱ्या लोकलमध्ये ज्याच्या त्याच्या कानात इवलीशी बोंडे दिसतात, तेव्हा नवलाई वाटण्याचे कारण नाही. नवल आहे ते निराळेच.

ऐकण्यासाठी तेव्हा वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. पुष्कळांनी तो काढलाच नाही, आणि १९३० साली कंपनी बुडाली. मग सरकारने १९३३ चा बिनतारी संदेशवहनाचा कायदा केला. त्यान्वये विनापरवाना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. हवेवर मालकी कोणाची, हा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला.

त्याची झळ ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला लागली. 'चले जाव'च्या ठरावानंतर पुढारी तुरुंगात गेले, आणि त्याच महिन्यात उषा मेहता या तरुण विद्यार्थिनीने नि तिच्या सहकाऱ्यांनी चौपाटीवरील एका घरातून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांना चुकविण्यासाठी ही मंडळी आपले बिऱ्हाड सारखे हलवीत. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या बंगल्यात ती पकडली गेली. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली.

योगायोग असा, की त्याच वर्षी ११ ऑगस्टला अमेरिकेत नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एका युक्तीचे पेटंट मिळाले. पाणतीराला बिनतारी आज्ञा द्यावयाची, पण शत्रूने ती अडवू नये म्हणून कंप्रता सारखी बदलीत राहावयाचे. पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ कंप्रतांवर उड्या मारण्याची ही योजना होती. मुंबईत जागा बदलीत होत्या, तेथे कंप्रता, हेतू एकच. लामारबाईंना 'ब्लूटूथची जननी' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती मात्र अतिशयोक्तीची आहे. तशा कल्पना आधीही सुचल्या होत्या, आणि आरमाराने त्या वेळी ही योजना वापरलीही नाही.

ब्लूटूथचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्याने १९९४ मध्ये हाती घेतले. दहाव्या शतकातल्या हाराल्ड नामक डॅनिश राजाचे टोपणनाव त्याला मिळाले, आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून संघ स्थापला. या पद्धतीत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारल्या जातात. फोनची आणि हेडफोनची प्रथम जोडणी करताना दोघे एक गुप्त किल्ली ठरवून ठेवतात. उड्यांचा क्रम फोनच्या घड्याळाबरहुकूम चालतो. म्हणूनच शेजाऱ्याचे गाणे आपल्या कानात घुसत नाही. २००३ पासून गजबजलेल्या वाटा टाळून उडी मारण्याची सोयही झाली. तरी स्टेशनावर गर्दीत आवाज तुटतो. या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाच्या देहात पाणी पुष्कळ; फोन मागच्या खिशात असला की मध्ये आपणच आडवे येतो!

आता परवान्याचे पाहू. कानातले हे बोंड केवळ ऐकत नाही. ते फोनला उत्तरही देते. म्हणजे ते प्रक्षेपकच आहे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट दिली. एका अधिसूचनेने हवेचा एक लहानसा तुकडा सर्वांना मोकळा झाला. सातबाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर गायरानच म्हणा ना!

नवी मुंबईला हे सोयीच्या वेळी लाभले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली तेव्हा येथे आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली १९९२ मध्ये. पुढे महापे, कोपरखैरणे, ऐरोली येथे संगणकाची कार्यालये उभी राहिली, आणि तेथील तरुण मुलेमुली कानाला तारेचा हेडसेट लावून रात्रपाळीत परदेशी गिऱ्हाइकांशी बोलू लागली. २०१६ मध्ये आयफोनवरचे हेडफोनचे भोक गेले. इतर कंपन्यांनीही मागोमाग तेच केले, आणि पुष्कळांची तार सुटली.

रुळ ओलांडताना दोन्ही कान बुजविणे हा या सोयीचा शुद्ध दुरुपयोग आहे; त्यावर अधिक काय बोलावे?

२०२२ मध्ये ब्लूटूथच्या संघाने एका प्रक्षेपकावरून अनेक कानांना एकदम ऐकविण्याची पद्धत जाहीर केली. म्हणजे १९२७ ची नभोवाणीच, एका सभागृहापुरती. जेथे ही सोय असेल तेथे कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्याला वक्त्याचा आवाज थेट आपल्या श्रवणयंत्रात घेता येतो. मात्र ते श्रवणयंत्रही त्याच नव्या पद्धतीचे हवे, आणि तशी यंत्रे अजून महाग आहेत.