कोयरीचे 'पेस्ली' कसे झाले? (थ्रेड)

पैठणीच्या पदरावर, मेंदीच्या हातावर, रांगोळीत आणि हळदीकुंकवाच्या चांदीच्या करंड्यातही एकच आकृती दिसते : देठाकडे वळलेली कैरी. मराठीत तिला कोयरी म्हणतात. तो करंडाही कोयरीच.

हीच नक्षी हाताने छापलेली ओढणी एखाद्या कारागिराला ऑनलाइन दुकानातून परदेशी विकायची असेल, तर शोधशब्दांच्या, म्हणजे कीवर्डच्या, रकान्यात 'कोयरी' लिहून भागत नाही. तेथे 'पेस्ली' लिहावे लागते. पेस्ली हे स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या एका गावाचे नाव. कोयरी तेथे जन्मली नाही. मग नाव तेथले कसे?

ही नक्षी इराणमध्ये 'बोतेह' आणि काश्मीरमध्ये 'बुटा' म्हणून ओळखली जाई. काश्मिरी कानी शालीत ती लहान लाकडी सळ्यांवर गुंडाळलेल्या रंगीत धाग्यांनी विणली जाई. एक शाल पुरी व्हायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागे. मोगल दरबारापासून पेशवाईपर्यंत तिचा मान मोठा होता. शाली जोडीने दिल्या जात, म्हणून शालजोडी. (आदराच्या आवरणातून मारलेल्या टोमण्याला मराठी माणूस आजही 'शालजोडीतला' म्हणतो.)

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून या शाली इंग्लंडला पोहोचल्या. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीनंतर फ्रान्समध्येही त्यांचे वेड पसरले. सम्राज्ञी जोसेफिनचा शालींचा शौक तर प्रसिद्धच आहे. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. मागणी आहे, माल महाग आहे. नकलेला याहून सुपीक जमीन नसते.

एडिंबरा आणि नॉरिच येथे नकला विणल्या जाऊ लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेस्लीने हा धंदा उचलला. पुढे जॅकार्ड यंत्राने विणकाम आणखी वेगवान केले. पेस्लीची शाल इतकी स्वस्त आणि इतकी सर्वत्र झाली की ग्राहक दुकानात शिरून गावाचेच नाव घेऊ लागला. शाल मागे पडली, नक्षी उरली आणि तिला ते नाव कायमचे चिकटले. मूळ कोणाचे, हे बाजाराने विचारले नाही. सर्वांत जास्त माल कोठून येतो एवढेच पाहिले.

यात पेस्लीच्या विणकरांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. १८४० च्या दशकाच्या आरंभी धंदा कोसळला तेव्हा त्यांच्याही घरी उपासमार आली.

काश्मीरमधली कहाणी अधिक कठोर आहे. तेथे विणकर करांच्या ओझ्याखाली दबलेले होते. एप्रिल १८६५ मध्ये श्रीनगरच्या शाल विणकरांनी 'दाग शाल' या करखात्याविरुद्ध मोर्चा काढला. सैनिकांनी त्यांना रेटले आणि पुलावरून पाण्यात पडून अनेक विणकर बुडाले. पाठोपाठ १८७०–७१ च्या फ्रान्स–प्रशिया युद्धाने फ्रेंच गिऱ्हाईक गेले, युरोपची फॅशन बदलली आणि १८७७–७९ च्या दुष्काळाने उरलेसुरले माग थांबवले.

काश्मीरच्या वाट्याला दुसरा, उलटा प्रकारही आला. काश्मीरवरून इंग्रजीत 'कॅशमिअर' हा शब्द झाला. पण आज या नावाने विकली जाणारी बहुतेक लोकर चीन आणि मंगोलियातून येते. म्हणजे नक्षी काश्मीरची आणि नाव पेस्लीचे. नाव काश्मीरचे आणि लोकर मंगोलियाची! कालिकतवरून झालेला कॅलिको आणि छींटवरून झालेला चिंट्झ हेही याच वाटेने गेलेले शब्द.

आता पुन्हा त्या ओढणीकडे. २००५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या एट्सी या हस्तकलांच्या ऑनलाइन बाजारात एका वस्तूला १३ टॅग देता येतात, प्रत्येक टॅग फार तर २० अक्षरचिन्हांचा. एवढ्याच जागेत कारागिराला दोन भाषा बोलायच्या असतात. नुसते 'पेस्ली' लिहिले तर यंत्रावर छापलेल्या हजारो कापडांच्या गर्दीत ओढणी हरवते. नुसते 'कोयरी' लिहिले तर शोधणारेच थोडे. म्हणून जाणते विक्रेते शब्द जोडून लिहितात : पेस्लीसोबत हातछपाई, सुती, ओढणी. ग्राहक थोडे येतात, पण नेमके तेच हवे असलेले येतात. 'कोयरी', 'बुटा' ही घरची नावे शीर्षकात किंवा वर्णनात ठेवली, तर आलेला ग्राहक पुढच्या वेळी त्याच नावाने शोधू शकतो.

काही नावांना आता कायद्याचे कुंपणही आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. त्याखाली 'काश्मीर पश्मिना' आणि 'पैठणी' ही नावे नोंदलेली आहेत. ती खोटेपणाने लावणे हा दंडनीय गुन्हा आहे. तरीही शोधपट्टीत 'पैठणी' टाकल्यास यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी' आधी दिसतात. कोयरीला तेवढेही संरक्षण नाही. हे मानांकन विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळते आणि कोयरी तर इराणपासून तमिळनाडूपर्यंत पसरलेली. तमिळमध्ये तिला 'मांगोलम' म्हणतात. तेथेही आंबाच.