सरावासाठी पेटवलेली घरे आणि कॅमेरा

पाडायला काढलेले रिकामे घर मालकाने अग्निशमन दलाच्या स्वाधीन करावे आणि जवानांनी ते पेटवून सराव करावा, ही अमेरिकेतील प्रथा जुनी असली, तरी तिला कडक नियमांची चौकट लाभली ती जवानांनी जीव गमावल्यानंतरच. १९८२ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे अशाच सरावात दोन जवान मृत्युमुखी पडले आणि १९८६ मध्ये ‘एनएफपीए १४०३’ हे मानक, म्हणजे प्रत्यक्ष आगीवरील प्रशिक्षणाची नियमावली, प्रसिद्ध झाले. तिच्यानुसार घरातील ॲस्बेस्टॉस आधी काढले जाते, वीज आणि गॅसची जोडणी तोडली जाते, आणि ज्वलनशील द्रव न वापरता पेंढा व लाकडी पॅलेट पेटवले जातात.

अशा आगीची वेळ आधीच ठरलेली असल्याने, एरवी टिपता न येणारे तिचे टप्पे छायाचित्रात पकडता येतात: छताखाली साचून हळूहळू खाली उतरणारा काळा धूर आणि त्यानंतरचा ‘फ्लॅशओव्हर’, म्हणजे खोलीतील जवळजवळ सर्व वस्तू एकदम पेट घेण्याचा क्षण. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवरील ओसाड घरांत शास्त्रज्ञांनी अग्निशमन दलासोबत आगी लावून त्यांची तापमाने व चित्रफिती नोंदवल्या, तेव्हा दार उघडताच आत शिरणारी हवा आग कशी भडकवते, हे पुराव्यानिशी दिसले. म्हणूनच ही चित्रे जवानांचे प्राण वाचवणारे मोलाचे दस्तऐवज ठरतात.