पाण्याची वाट



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी तूही काहीतरी लिही, असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण बेताचेच, सातवीपर्यंतचे. पाककृती लिहून द्यावी असे आधी मनात होते. पण गेली दोन वर्षे एक विषय मनात घर करून बसला आहे आणि आपल्यापुढे येऊन ठेपलेल्या एका निर्णयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून धीर करून लिहिते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती. तलावाला, नाल्यालाही इतिहास असतो हे मला एका रात्रीने शिकवले.

ती रात्र २२ सप्टेंबर २०२३ ची. शुक्रवार होता, महालक्ष्म्यांच्या पूजनाचा दिवस. माझी धाकटी नणंद नाग नदीच्या काठच्या एका वस्तीत राहते. तिच्याकडे दरवर्षी महालक्ष्म्या बसतात. आम्ही सारे तिथे जेवून, आंबील-पुरणाचा प्रसाद घेऊन रात्री हुडकेश्वरला परतलो. पहाटे पावसाच्या आवाजाने जाग आली. थोड्या वेळाने फोन वाजला. नणंद रडत होती, "वहिनी, घरात पाणी शिरलं. महालक्ष्म्या पाण्यात आहेत." माणसे शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. ज्येष्ठेचा मुखवटा शिलाई मशीनच्या खाली चिखलात सापडला. कनिष्ठेचा सापडलाच नाही.

त्या पहाटे काही तासांतच शहरावर शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून ओसंडला आणि ते सारे पाणी नाग नदीत आले. अंबाझरी लेआउट, शंकरनगर, सीताबर्डी या भागांत हाहाकार उडाला. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. मूकबधिर शाळेतील मुलांना बचाव पथकांनी सुखरूप बाहेर काढले. सैन्यालाही बोलवावे लागले. चार माणसे दगावली. हजारो घरांत पाणी गेले आणि सरकारने घरामागे दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली. पण दहा हजारांत गादी येते, शेगडी येते, सासूबाईंच्या हातचा मुखवटा येत नाही.

नणंदेच्या घरचा गाळ उपसताना मला एकच प्रश्न पडला होता. अंबाझरी काही कालची नाही. मग इतक्या वर्षांचा तलाव आताच असा का उलटला? तेव्हापासून मी विचारत गेले, वाचत गेले. जे हाती लागले ते सांगते.

आपल्या नागपूरचे नावच नाग नदीवरून पडले. पश्चिमेकडे लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून ही नदी निघते आणि शहराच्या पोटातून पूर्वेकडे जाते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी येथील बारा वाड्या एकत्र करून शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला कोट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आपला शुक्रवारी तलाव, ज्याला आज गांधीसागर म्हणतात. पुढे १७४३ साली पहिल्या रघुजी भोसल्यांनी नागपूरला राजधानी केली. भोसल्यांच्या काळातही तलाव झाले, बागा झाल्या. गोंड राजे असोत की भोसले, शहर वाढवायचे तर आधी पाण्याची सोय पाहायची, ही त्यांची रीत होती.

१८५४ साली इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. १८६४ साली नागपूरला नगरपालिका आली, आणि १८७० च्या सुमारास शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून अंबाझरीचा तलाव उभा राहिला. आंब्याच्या झाडांवरून हे नाव पडले असे सांगतात. तलाव उंचावर, शहर खाली. त्यामुळे पाणी नळातून आपल्या वजनानेच शहरात येई. पुढे शहर वाढले. गोरेवाडा झाला, कन्हानचे पाणी आले, पेंचचे आले आणि अंबाझरीचे पाणी पिण्याचे बंद झाले. तिथूनच, मला वाटते, आपले लक्ष उडाले. घरातली म्हातारी स्वयंपाक करीनाशी झाली की तिच्या खोलीकडे कोणी फिरकत नाही, तसेच हे झाले.

आता तलावाची रचना थोडी सांगते, कारण सारे मर्म तिथेच आहे. अंबाझरीचा बांध मातीचा आहे. मातीच्या बांधाला पाण्याचे वजन सोसते, पण पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले तर माती धुपून बांध फुटू शकतो. म्हणून अशा तलावाला एका बाजूला सांडवा ठेवतात. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते. आपण दुधाच्या पातेल्यावर झाकण थोडे तिरपे ठेवतो, तसेच. म्हणजे सांडवा मोकळा, त्यापुढची वाट मोकळी आणि खाली नदीचे पात्र रुंद, या तिन्ही गोष्टी असतील तरच तलाव माणसांना सुखाने राहू देतो.

या तिन्ही ठिकाणी आपण काय केले? नदीचे पात्र दोन्ही बाजूंनी आवळले. तिच्या काठावर घरे, दुकाने, भिंती आल्या. सांडव्यापुढे अरुंद पूल आला. आणि सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभे राहिले. पुरानंतर नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. या स्मारकाने पाण्याला अडथळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सरकारला आणि महापालिकेला जाब विचारला. सरकारने समिती नेमली. पुढे तो पूल पाडून रुंद पूल बांधण्याचे काम घेण्यात आले, नदीच्या पडलेल्या भिंती उभारण्याचे काम निघाले.

स्वामीजींविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे. म्हणूनच ही गोष्ट मला फार बोचते. वाईट हेतूने बांधलेल्या गोष्टीला आपण लगेच नावे ठेवतो. चांगल्या हेतूची वास्तू पाण्याच्या वाटेवर आली तर कोणी तोंड उघडत नाही. पाण्याला मात्र हेतू कळत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. अंबाझरी तलाव महापालिकेचा. शहराच्या वारसा यादीतही त्याचे नाव आहे, म्हणजे जपण्याची जबाबदारी दुप्पट. धरण किती मजबूत आहे हे पाहण्याचे ज्ञान जलसंपदा खात्याकडे. आजूबाजूच्या जमिनी, बगिचे, रस्ते यांत आणखी निराळ्या संस्था. एका सुनेला तीन सासवा असल्या आणि प्रत्येकीने "तिला विचार" म्हटले तर चूल पेटायची कधी? २०२१ साली संसदेने धरण सुरक्षेचा कायदा केला आणि धरणांची नियमित तपासणी त्यात सांगितली. कायदा चांगलाच आहे. पण पावसाआधी बांधावर पायी फिरून पाहणारा माणूस कोण, त्याचे नाव ठरलेले असावे लागते.

वडीलधाऱ्या मंडळींना १९६१ सालचे पानशेत आठवत असेल. १२ जुलैला धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. तेव्हाही राज्यभर लोक म्हणाले की यापुढे असे होऊ देणार नाही. पण आठवण पाण्यापेक्षा लवकर ओसरते.

पूर्वी सारेच चांगले होते असेही मी म्हणणार नाही. आमच्या पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळी गावोगावी तलाव, बोड्या होत्या. माझे सासरे सांगत की तलावाचा गाळ काढायला गरिबाला वेठीला धरीत. १९५१ साली मालगुजारी संपली, ती जाच घेऊन गेली हे बरेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाला वाटू लागले की आता गाळ काढणे हे आपले काम नव्हे. सरकारलाही सगळीकडे हात पुरेनात. असे कितीतरी तलाव "माजी मालगुजारी तलाव" एवढ्या नावाने कागदावर उरले.

आता आपल्या हुडकेश्वरचे सांगते. २०१३ साली हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आले. त्याआधी हे गावच होते. मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या लेआउटच्या मागे धानाच्या बांध्या होत्या आणि तो नाला दोन बैलबंड्या बाजूबाजूने जातील एवढा रुंद होता. तो पुढे पोहरा नदीला मिळतो. सासरे म्हणत, "पाणी आपला रस्ता भुलत नाही, बाई. माणूस भुलते." आज तो नाला उडी मारून ओलांडता येतो. त्याचा दोष मी कोणा दुसऱ्याला देणार नाही. आमच्याच घराची मागची भिंत दीड हात पुढे आहे. बांधताना मीच यजमानांना म्हटले होते, "तेवढीच भांडी घासायला जागा होईल."

हे सारे सांगायचे कारण असे. मंडळाला स्वतःचे सभागृह हवे, हे आपले पंचवीस वर्षांचे स्वप्न. नाल्याकाठच्या मोकळ्या पट्टीवर ते बांधावे, त्यासाठी निधी मिळवून देऊ, असे आश्वासन आपल्याला मिळाले आहे. मागच्या बैठकीत मीही हात वर केला होता. आपल्या मुलींचे शिवणवर्ग, हळदीकुंकू, भजन, सारे एका छपराखाली येईल म्हणून मला भरून आले होते. घरी आले, गच्चीवर कपडे काढायला गेले आणि वरून ती पट्टी पाहिली. ती मोकळी जागा नव्हे. तो आपल्या लेआउटचा सांडवा आहे. नाला भरला की पाणी तिथेच पसरते, म्हणून ते आपल्या चुलीपर्यंत येत नाही.

तिथे आपले सभागृह उभे राहिले तर काय होईल? आपला हेतू चांगला, नाव मंडळाचे, भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर. आणि एखाद्या पहाटे पाणी वळून नाल्यापलीकडच्या टिनाच्या घरांत शिरेल. तिथे आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाया राहतात. त्यांनी आपल्याला जाब विचारला तर आपण कोणत्या खात्याकडे बोट दाखवणार?

म्हणून माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. येत्या बैठकीत तो ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा. देवळाजवळ लेआउटची सार्वजनिक जागा आहे. ती लहान आहे, निधी कमी मिळेल, छप्पर टिनाचे पडेल. चालेल. आणि नाल्याकाठची पट्टी मोकळी राहावी, असा अर्ज मंडळाच्या सह्यांनिशी महापालिकेला द्यावा. दर ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी, दोघीतिघींनी नाल्याच्या काठाने चालत जावे, कुठे गाळ आहे, कुठे कचरा अडकला आहे ते लिहून घ्यावे आणि त्या कागदाची पोच घ्यावी. एवढे तर आपल्याला जमेल.

आमची मागची भिंत आम्ही दिवाळीनंतर मागे घेत आहोत. यजमान आधी रागावले, मग गवंड्याला बोलावून आले.

नणंदेकडे यंदा पुन्हा महालक्ष्म्या बसल्या. ज्येष्ठा जुनीच आहे, कनिष्ठा नवी. दोघींच्या चेहऱ्यांचा रंग जुळत नाही. पूजेच्या रात्री मात्र आम्ही सगळ्या बायका आळीपाळीने दारात येऊन नदीकडे पाहून जात होतो.