‘सेकेद’ या संज्ञेचा अर्थ

सरळ रेषेचा ‘चढ’ म्हणजे उभ्या अंतरास आडव्या अंतराने भागून येणारी संख्या. भागाकाराची ही दिशा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, प्राचीन संज्ञांचे भाषांतर करताना ती आपण नकळत त्यांवर लादतो. इजिप्तमधील ‘सेकेद’ या संज्ञेची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. (मूळ लेखनात व्यंजने तेवढी आहेत, स्वर अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेले.)

अहमोस नामक लेखनिकाने इ. स. पू. १५५० च्या सुमारास नकललेल्या ऱ्हिंड पपायरसातील ५६ वे उदाहरण असे : पिरॅमिडच्या पायाची बाजू ३६० हात, उंची २५० हात, तर सेकेद किती? लेखनिक ३६० ची निमपट १८० करतो, तीस २५० ने भागतो आणि आलेल्या १/२ + १/५ + १/५० या संख्येस ७ ने गुणतो. कारण इजिप्तचा राजहात सात मुठींचा. उत्तर ५ १/२५ मुठी. म्हणजे एक हात उंची चढताना पिरॅमिडची बाजू तितकी आत सरते. आपला चढ २५०/१८०. सेकेद त्याच्या उलट गुणोत्तरावर आधारलेला. सेकेद वाढला की बाजू अधिक सपाट होते. त्याला ‘चढ’ म्हणणे म्हणून दिशाभूल करणारे आहे.

१८७७ मध्ये आयझेनलोर यांनी उदाहरणातील दोन मापे पायाचा कर्ण आणि पिरॅमिडची तिरपी कड अशी मानली. साहजिकच सेकेद हा कोसाइन ठरला. बोर्खार्ट यांनी १८९३ मध्ये बाजू व उंची हा अर्थ मांडला आणि तोच पुढे मान्य झाला. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असूनही त्याला वाटते की, केवळ व्युत्पत्तीच्या बळावर हा वाद मिटण्यासारखा नव्हता. खरा पुरावा आहे तो सातच्या गुणाकारात. दोन लांबींचे निव्वळ गुणोत्तरच हवे असते, तर त्याच्या मुठी करण्याचे प्रयोजन काय? दगडाच्या प्रत्येक थरावर एक हात उंचीमागे किती मुठी आत सरकावयाचे, एवढेच पाथरवटास हवे असते. तिरपी कड तर काम पुरे होईपर्यंत अस्तित्वातच नसते.

५७ व्या उदाहरणात प्रश्न उलटा आहे : बाजू १४० हात, सेकेद ५ मुठी १ अंगुळ. चार अंगुळांची मूठ धरून उंची ९३ १/३ हात येते.