वंशसंहार-प्रतिबंधक करार

एखाद्या राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूहाचा पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये, मग ती युद्धकाळी घडोत वा शांततेच्या काळी, दंडनीय ठरविणारा आणि त्यांना आळा घालण्याचे दायित्व सदस्य राष्ट्रांवर टाकणारा आंतरराष्ट्रीय करार. पोलिश विधिज्ञ राफाएल लेमकिन यांच्या अविश्रांत खटपटीचे फलित असलेला हा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संमत केला व १२ जानेवारी १९५१ पासून तो अंमलात आला. भारताने त्यास १९५९ मध्ये मंजुरी दिली; मात्र कोणताही तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्यास सर्व पक्षांची संमती लागेल, अशी पुस्ती जोडली.

हत्येप्रमाणेच समूहातील जन्म रोखणे व मुले सक्तीने अन्य समूहाकडे सोपविणे हीही कृत्ये करारात अंतर्भूत आहेत; राजकीय समूहांना मात्र त्याचे संरक्षण नाही. प्रतिबंधाचे कर्तव्य निःसंदिग्ध असले, तरी ते बजावण्यासाठी स्वतंत्र फौज वा यंत्रणा नसल्याने हस्तक्षेपाचा अखत्यार व्यवहारतः सुरक्षा परिषदेकडे राहिला. आणि रुआंडात १९९४ साली तुत्सींची कत्तल चालू असतानाच परिषदेने तेथील शांतिसेना सुमारे २७० जणांपर्यंत घटविण्याचा ठराव केला. पुढे तेथील गुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये झां-पॉल अकायेसू यास दोषी ठरविले. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहाराबद्दल दिलेला हा पहिला दोषनिर्णय होय. स्रेब्रेनित्सा येथील १९९५ च्या हत्याकांडाबाबत सर्बियाने प्रतिबंधाच्या कर्तव्यात कसूर केल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये दिला.